सत्तरीतला मी माझा कोण लागतो?

पाठ धरली म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो होतो. त्यांनी पाच व्यायाम शिकवले, कागदावर काड्यांची माणसं काढून दिली आणि रोज बारा मिनिटं लागतील म्हणाल्या. पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "करताय ना?" मी ठरलेलं उत्तर दिलं, "वेळच मिळत नाही हो." त्या रागावल्या नाहीत. मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल समोर धरून त्यांनी मला घाबरवलंही नाही. एवढंच विचारलं, "सत्तराव्या वर्षी स्वतःच्या हातानं काय काय करायचंय तुम्हाला?"

मला काही सुचेना. निवृत्तीनंतर किती पैसे लागतील याचा हिशेब मी कधीतरी मांडलेला आहे. पण सत्तरीतला मी सकाळी उठून काय करतो, त्याचे गुडघे कसे आहेत, तो कुणाशी बोलतो, याचं एकही चित्र माझ्याकडे नव्हतं. त्या म्हणाल्या, "घाई नाही, पुढच्या वेळी सांगा. मोजे स्वतः घालायचेत की कुणी घालून द्यायचे, इथपासून सुरुवात करा."

घरी येताना बाबा आठवले. शेवटच्या काही वर्षांत मोजे घालायचे म्हणजे ते आधी पलंगाच्या कडेवर बसायचे, मोजा दोन्ही अंगठ्यांनी गोळा करून घ्यायचे, मग श्वास रोखून पाय वर उचलायचे. मोजा बोटांवर चढेपर्यंत तो श्वास सुटायचा नाही. कुणी मदतीला गेलं की चिडायचे. मी ते दाराशी उभा राहून कित्येकदा पाहिलंय, आणि ते माझ्याही वाट्याला येऊ शकतं हे एकदाही मनात आलं नव्हतं.

‘भविष्याचा विचार करा’ हा उपदेश ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय. तो चूक आहे असं मी म्हणत नाही. अर्धवट आहे, असं म्हणतो. उद्याचा विचार केल्यानं संयम वाढतो, पण त्यासाठी त्या उद्याच्या माणसाची ओळख असावी लागते; नुसती धमकी किंवा नुसतं स्वप्नरंजन कामाला येत नाही. शिवाय ज्याला आपण हा उपदेश करतो, त्याला त्याच्या उद्यावर भरवसा ठेवता येईल अशी परिस्थिती असावी लागते. ओळख ज्याची त्यानं करून घ्यायची. भरवसा एकट्याच्या हातात नसतो, आणि संयमावर व्याख्यानं झोडणारे नेमके त्याच्याबद्दल गप्प बसतात.

कळतं पण वळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस ही तक्रारच मोडीत काढतो. खरोखर कळलं असतं तर वळलंच असतं, असं त्याचं म्हणणं. माणूस चुकतो तो मोजमापात. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान; सुखदुःखांचंही तसंच होतं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. कळत असूनही न वळणारी माणसं त्याला दिसत होती आणि त्यांच्यासाठी त्यानं वेगळा खण ठेवला. या भांडणात मी बराच काळ ॲरिस्टॉटलच्या बाजूनं होतो. हल्ली वाटतं, मोजमापाची नस सॉक्रेटिसला बरोबर सापडली होती.

जॉर्ज एन्स्ली या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९७५ साली हीच गोष्ट वेगळ्या भाषेत मांडली. एखादी गोष्ट जितकी लांब तितकी तिची मनातली किंमत कमी, हे ठीकच. पण ही घट सारख्या दरानं होत नाही. अगदी जवळ आल्यावर किंमत एकदम उसळी घेते. महिन्यानंतर मिळणारे शंभर आणि त्यानंतर एका दिवसानं मिळणारे एकशे दहा यांतून निवडायला सांगितलं तर आपण निवांतपणे एकशे दहा म्हणतो. तेच शंभर आज आणि एकशे दहा उद्या असं झालं की हात शंभरावर जातो. अंतर एका दिवसाचंच, माणूसही तोच. म्हणून रात्री सहाचा गजर लावणाऱ्याला मी ढोंगी म्हणणार नाही. गजर लावताना त्याला सकाळचं फिरणं खरोखरच झोपेपेक्षा मोठं दिसत असतं. पाच एकोणसाठला झोप डोळ्यांच्या इतकी जवळ आलेली असते की तिच्यामागचं काही दिसतच नाही.

एन्स्लीनं हे कबुतरांवरही करून पाहिलं होतं. समोरची कळ, म्हणजे बटण, चोचीनं टोचली की थोडे दाणे लगेच. न टोचता थांबलं तर जास्त दाणे, पण उशिरा. कबुतरं अर्थातच टोचायची. मग त्यानं त्याआधी एक दुसरी संधी ठेवली. तेव्हा टोच मारली तर पुढची मोहाची कळ समोर यायचीच नाही. काही कबुतरं ती टोच मारायला शिकली. कबुतराला दूरदृष्टी असते असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण मोहाशी तोंडाला तोंड देण्यापेक्षा त्याची गाठच पडू न देणं हे शहाणपण पाखराच्याही आवाक्यात आहे, हे वाचून मला मात्र बराच धीर आला.

मोजमाप चुकतं हे कळलं. पण ते स्वतःच्याच बाबतीत इतकं का चुकतं? इथे डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा १९८४ सालचा युक्तिवाद मला महत्त्वाचा वाटतो. सिगारेट ओढायला लागणारा पोरगा घ्या. पन्नास वर्षांनी होणाऱ्या त्रासाची त्याला जवळपास फिकीर नसते, कारण तो म्हातारा त्याला ‘मी’ वाटतच नाही. पारफिट म्हणतो, तर मग हे प्रकरण दुसऱ्याला इजा करण्याच्या जवळ जातं. आपण ज्याला नुसता अविचार म्हणतो तो एक प्रकारचा अन्याय ठरतो, आणि ज्याच्यावर अन्याय होतोय तो अजून जन्मलेला नसल्यासारखा, तक्रार करायलाही हजर नसतो.

हे तत्त्वज्ञानातलं कोडं राहिलं असतं. पण हॅल हर्शफील्ड हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली माणसांना मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपवून आजच्या स्वतःबद्दल आणि दहा वर्षांनंतरच्या स्वतःबद्दल विचार करायला लावला. मेंदूच्या एका भागातली हालचाल या दोन वेळी सारखी नव्हती. ज्यांच्यात हा फरक जास्त होता, त्यांची पुढे पैशांच्या निवडीत थांबायची तयारीही कमी निघाली. २०११ साली त्याच गटानं आणखी एक प्रयोग केला. तरुण मुलांना आभासी आरशात स्वतःचा चेहरा दाखवला. काहींना आजचा, काहींना सत्तरीच्या घरात नेलेला. मग विचारलं, अचानक हजार डॉलर मिळाले तर कशाकशात घालाल? आजचा चेहरा पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी सरासरी ८० डॉलर ठेवले. म्हातारा चेहरा पाहिलेल्यांनी १७२. पैसे काल्पनिक होते आणि परिणाम किती दिवस टिकला असेल याबद्दल मला शंका आहे, पण दुप्पट म्हणजे दुप्पट.

मीही मोबाइलवर तसला प्रकार करून पाहिला. चेहरा म्हातारा करणारं ॲप. गंमत म्हणून फोटो टाकला आणि पडद्यावर बाबा आले. तेच कानाजवळचे डाग, तीच खालच्या ओठाची घडी. मला वाटलं होतं हसू येईल. मी फोन पालथा ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

सत्तरीतला मी माझा कोण लागतो, या प्रश्नाला माझं आजवरचं खरं उत्तर असणार: लांबचा नातेवाईक. आहे हे माहीत असतं, पत्ता कुठेतरी लिहिलेला असतो, भेटायला मात्र कुणी जात नाही. अशा माणसासाठी रोज बारा मिनिटं कोण काढेल? बाबांसाठी काढली असती. मोजे घालून द्यायला तर रोज तयार होतो.

आता ओळख करून घ्यायची म्हटल्यावर दोन चुकीच्या वाटा लागतात. एक भीतीची. ‘हे असंच चालू ठेवलंस तर बघ काय होतं’ ही जगातली सर्वांत स्वस्त समुपदेशनाची पद्धत आहे आणि तिच्या जोरावर किती जणांची दुकानं चालतात! पण घाबरलेला माणूस उद्याकडे बघत नाही, पाठ फिरवतो. माझा एक तपासणीचा अहवाल चार दिवस बंद पाकिटात पडून होता. आत काय असेल याची भीती होती म्हणूनच तो मी उघडला नाही. (काही नव्हतं. ते सोडा.)

दुसरी वाट स्वप्नांची, आणि ती जास्त फसवी, कारण तिच्यावर चालताना छान वाटतं. डोळे मिटा, यशस्वी झालेले तुम्ही डोळ्यांपुढे आणा, टाळ्या ऐका. गॅब्रिएले एटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच तपासलं. १९९१ साली थॉमस वॉडनबरोबर केलेल्या अभ्यासात वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमातल्या स्त्रिया होत्या. आपल्याला हे जमेल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांचं वजन जास्त उतरलं. पण सडपातळ झालेल्या स्वतःची गोडगोड चित्रं जास्त रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. अपेक्षा आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी निघाल्या, आणि दुसरी पहिलीला कापते. मनात एकदा पोचलो की पायांना घाई कसली?

मग उरतं काय? तपशील. २०१० साली जर्मनीत यान पीटर्स आणि ख्रिस्टियान ब्यूखेल यांनी एक साधी युक्ती वापरली. ‘आज थोडे पैसे की पंचेचाळीस दिवसांनी जास्त’ असा प्रश्न विचारताना त्यांनी काही वेळा त्या माणसानं त्या सुमाराला स्वतःच ठरवून ठेवलेला बेत शेजारी लिहिला: सहल, कुणाची भेट, असलं काही. तेवढ्यानं लोक थांबायला जास्त तयार झाले. बेत जितका स्पष्ट डोळ्यांपुढे आला तितका परिणाम मोठा. यात धाक नव्हता, टाळ्याही नव्हत्या. त्या दिवसाला नाव मिळालं, इतकंच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोजे म्हटलं ते याचसाठी, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ‘निरोगी म्हातारपण’ हा शब्द कुणालाच सकाळी उठवत नाही.

संयमाच्या भक्तांना एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती ते स्वतःहून सांगणार नाहीत. सगळंच उद्यावर टाकणाराही उद्याच्या माणसाशी प्रामाणिक असतोच असं नाही. रॅन किवेट्झ आणि अनत कीनन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सुट्टीबद्दल काय खंत वाटते ते विचारलं होतं. नुकत्याच संपलेल्या सुट्टीबद्दल अभ्यास केला नाही, काम केलं नाही ही खंत होती. काळ गेला तशी ती मावळली आणि मजा केली नाही, भटकलो नाही ही खंत वाढली. चाळीस वर्षांपूर्वीच्या सुट्ट्यांबद्दल माजी विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ती अधिकच ठळक होती. म्हणजे खरोखर लांबवर पाहिलं तर तिथला म्हातारा आपल्याला नेहमी ‘पुस्तक काढ’ असंच सांगत नाही. कधी कधी तो म्हणतो, ‘अरे, त्या मित्राबरोबर गेला का नाहीस?’ दीर्घ विचार म्हणजे कायम जीव मारणं, ही समजूत मला त्यामुळेच मान्य नाही.

इथवरचं सगळं ज्याच्या त्याच्या मनातलं झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

संयमाचा विषय निघाला की मार्शमॅलोचा, म्हणजे साखरेच्या मऊ मिठाईचा, प्रयोग येतोच. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीला आणि पुढे काही वर्षं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला. मुलापुढे एक खाऊ ठेवायचा. बाई परत येईपर्यंत थांबलास तर दोन, नाहीतर हा एक. पुढे १९९० साली त्याच मुलांचा मागोवा घेतला तेव्हा जास्त थांबलेल्यांना प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळालेले दिसले, आणि जगानं निष्कर्ष काढून टाकला: ज्याच्यात संयम तो पुढे गेला, ज्याच्यात नाही तो मागे राहिला. किती सोयीचा निष्कर्ष! पुढे असलेल्यांना तर फारच.

मिशेल यांना स्वतःला जे दिसलं होतं ते वेगळं होतं. १९७२च्या त्यांच्या निबंधात मुलं थांबतात ती दात-ओठ खाऊन नव्हे, तर लक्ष दुसरीकडे वळवून, असं आहे. गंमतीच्या गोष्टींचा विचार करायला सांगितलेली मुलं बराच वेळ थांबली. खाऊचाच विचार करायला सांगितलेली लवकर हरली. शिवाय २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन तपासलं, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध मूळ अभ्यासाच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातला २०१३ सालचा प्रयोग. सेलेस्ट किड, हॉली पाल्मेरी आणि रिचर्ड ॲस्लिन यांचा. मुलं फक्त अठ्ठावीस. खाऊ पुढे ठेवण्याआधी प्रत्येकाला चित्र काढायला बसवलं आणि थोटके, वापरलेले रंगखडू दिले. थांबलास तर मी छान नवे रंग घेऊन येते, असं ताई सांगून गेली. अर्ध्या मुलांसाठी ती रंग घेऊन आली. उरलेल्यांकडे रिकाम्या हातानं परत आली आणि म्हणाली, चुकलं माझं, रंग नाहीयेत आपल्याकडे. असंच पुन्हा स्टिकरच्या बाबतीत. आणि मग मार्शमॅलो. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेली, तीन. पहिल्या चौदांपैकी नऊ जणांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली. दुसऱ्या चौदांपैकी एकानं.

त्या दुसऱ्या खोलीतल्या मुलाला आपण काय म्हणणार, असंयमी? त्यानं दोनदा थांबून पाहिलं. दोन्ही वेळा हात रिकामा राहिला. तिसऱ्यांदा समोर आहे ते खाल्लं. मला तर त्याच्यापेक्षा हिशेबी माणूस त्या इमारतीत दुसरा दिसत नाही.

मोठ्यांच्या जगात या खोल्या किती आहेत ते मोजून पाहा. ज्याचं काम पुढच्या महिन्यात असेल की नाही हे महिनाअखेरीला कळतं, ज्याच्या बचतीवर घरातलं एक आजारपण केव्हाही धाड घालतं, ज्यानं शिकून नोकरी मिळेल म्हणून शिकून घेतलं आणि ती मिळालीच नाही, त्याला ‘वीस वर्षांनंतरच्या स्वतःला डोळ्यांपुढे आण’ असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा असा असतो की ज्याच्या वीस वर्षांची सोय आधीच झालेली आहे. भविष्याचा विचार हा उद्यावरच्या विश्वासाचा खर्च आहे. गाठीला नाही ते माणूस खर्चणार कसा?

यावर एक सरळ आक्षेप येईल आणि तो हलका नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा मागोवा आजवर घेतला गेलाय. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता त्यांची वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तब्येत बरी, पैशांची स्थिती बरी, गुन्ह्यांची नोंद कमी. आणि हे घरची परिस्थिती व बुद्ध्यांक हिशेबात धरूनही. तेव्हा परिस्थितीवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. मान्य. माझा मुद्दा संयम फुकट आहे असा नाहीच. तो इतका मोलाचा असेल, तर त्याचं भांडवल आधीच गाठीला असलेल्यांनाच तो वाढवता यावा हे आपल्याला चालतं कसं, असा आहे.

आणि त्याच वेळी मोहाच्या बाजूला पगारी माणसं बसलेली आहेत. एक चित्रफीत संपायच्या आत दुसरी सुरू होते, बोटानं कितीही वर सरकवलं तरी पानाचा तळ लागत नाही, ‘आज घ्या, नंतर भरा’ हे बटण नेमकं अंगठ्याखाली येतं. यातलं काहीही आपोआप तसं झालेलं नाही. कुणीतरी बसून, मोजून, तपासून ते तिथे ठेवलंय. एका बाजूला एकटा थकलेला माणूस रात्री साडेअकराला, दुसऱ्या बाजूला हजारो हुशार मेंदू दिवसपाळीत. आणि हरल्यावर दोष त्याच्या इच्छाशक्तीचा. ही कुस्ती लावणाऱ्यांना प्रश्न कुणीच विचारत नाही.

याला सरकारनं माणसाच्या घरात शिरून शिस्त लावावी असं उत्तर मी देणार नाही. उलट बाजूचं एक उदाहरण देतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली मांडलेली बचतीची योजना अशी होती: आज एक पैसाही कापायचा नाही, पुढच्या पगारवाढीपासून थोडं थोडं वाढवत कापायचं, एवढीच संमती आज द्यायची. सोडायचं असेल तेव्हा सोडा. ज्या कंपनीत ती प्रथम राबवली तिथे सामील झालेल्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून चाळीस महिन्यांत १३.६ टक्क्यांवर गेली. ही तीच माणसं होती जी आधी बचत वाढवायला नको म्हणाली होती. त्यांचं चारित्र्य बदललं नाही. उद्याबद्दल उदार असण्याची जी आपली जुनी खोड आहे, तीच इथे कामाला लावली. एन्स्लीच्या कबुतरासमोर ठेवलेली ती आधीची संधी, माणसांसाठी.

काही जण म्हणतील, ही तर हातोहात फसवणूक, माणसाला स्वतः ठरवू द्या. बाहेर पडायचं दार उघडं ठेवलंय का, हे मी आधी बघतो. असेल तर ‘स्वतः ठरवू द्या’ हा मुद्दा मला पटत नाही, कारण काहीच न करता सोडलेलं मैदान मोकळं राहत नाही. ते अंगठ्याखाली बटण ठेवणाऱ्यांच्या ताब्यात जातं. शब्द पाळणारी माणसं आणि संस्था वाढवणं, वेळेवर पगार, सांगितल्या दिवशी मिळणारं निवृत्तिवेतन, आजारपणात घर न विकावं लागणं, हीच खरी संयमाची शाळा. पाळला गेलेला प्रत्येक शब्द कुणाला तरी बारा मिनिटांच्या खोलीत नेऊन बसवतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या सत्तरीवर मला बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. ते माझं कर्तृत्व कमी, नशीब जास्त. तेव्हा माझ्याकडे सबबही कमी. चटई आता रात्रीच पलंगाशेजारी पसरून ठेवतो, म्हणजे सकाळी पाय आधी तिच्यावरच पडतो. दात घासून झाले की चटईवर, एवढंच ठरवलंय. उत्साह वाटायची वाट बघायची नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस होतं. पाचवा व्यायाम कंटाळवाणा आहे, तो बरेचदा राहतो.

पुढच्या तारखेला त्यांनी विचारलं, "मग, काय ठरलं?" म्हटलं, "मोजे." त्यांनी हसत फाइलमध्ये लिहिलं, ‘मोजे – स्वतः, बसून, श्वास न रोखता’, आणि सहावा व्यायाम दिला.